जपानी ॲनिमे आणि क्वीअर वाचन

जपान म्हटले की नागपूरकरांना कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. घरातल्या मुलांना मात्र आधी डोरेमॉन आणि शिनचॅन आठवतात. अशा जपानी कार्टूनपटांना ‘ॲनिमे’ म्हणतात. त्यांतील पात्र कोणावर प्रेम करते, कोणता वेश घालते, समाज त्याला बाई म्हणतो की पुरुष आणि ते स्वतःला काय समजते, हे प्रश्न विचारत कथा पाहणे म्हणजे तिचे ‘क्वीअर वाचन’.

सुरुवात ओसामु तेझुका यांच्यापासून करावी लागते. बुद्धांच्या जीवनावरील दीर्घ चित्रकथेमुळे (१९७२-८३) हे नाव आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्याच्या बऱ्याच आधी, १९५३ मध्ये, त्यांनी ‘रिबन नो किशी’ सुरू केली. १९६७ मध्ये तिच्यावर ॲनिमे मालिका आली. एका छोट्या देवदूताच्या खोडीमुळे राजकन्या सफायरला मुलाचे आणि मुलीचे अशी दोन्ही हृदये मिळतात. मुलीला गादी मिळत नाही, म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढवले जाते. तेझुका ताकाराझुका शहरात वाढले. तेथील प्रसिद्ध नाटक मंडळीत १९१४ पासून पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. त्याच काळात आपल्याकडे नेमके उलटे होते, बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर येत होते! शेवटी सफायरचे लग्न राजपुत्राशी लावून तेझुका जुन्या चौकटीत परततात, हेही मान्य करायला हवे.

‘सेलर मून’ पुढे गेली. १९९४ च्या भागांत हारुका आणि मिचिरु या दोन तरुणी एकमेकींच्या प्रेयसी आहेत. इंग्रजी डबिंग करताना त्यांना नात्यातल्या बहिणी करून टाकले. चित्रे तीच राहिली, त्यामुळे या ‘बहिणी’ एकमेकींकडे प्रेमाने पाहतच राहिल्या. त्याआधीच्या भागांतील झोइसाइट हा पुरुषावर प्रेम करणारा पुरुष. त्याला डबिंगमध्ये बाईचा आवाज देऊन बाईच ठरवले.

नात्याला दुसरे नाव देऊन ते झाकण्याची रीत आपल्या घरांनाही परकी नाही. हा विषयच अश्लील, असे म्हणणाऱ्यांनी १९३४ चा खटला आठवावा. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांत समलैंगिकतेचाही प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे. न्यायालयाला ते पटले नाही आणि कर्व्यांना दंड झाला.