हिशेबनीसांनी केलेलं प्रोग्रॅमिंग

हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कोड एआय लिहिणार. आंद्रे कार्पथीने फेब्रुवारी २०२५ मध्ये याला 'व्हाइब कोडिंग' म्हटलं. पण प्रोग्रॅमर नसलेल्यांच्या हातात सॉफ्टवेअर जाणं हे काही पहिल्यांदा होत नाहीये.

डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये एमबीए करत होता. फळ्यावर एक आकडा बदलला की प्राध्यापक पुढचे सगळे खोडून पुन्हा लिहायचे. हे बघून त्याला कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनसोबत त्याने 'व्हिझिकॅल्क' बनवलं. १९७९ मध्ये ते ॲपल टूवर आलं. रकान्यात सूत्र लिहायचं, बाकीचे आकडे आपोआप बदलणार. हे प्रोग्रॅमिंगच होतं, फक्त हिशेबनीसांना तसं कुणी सांगितलं नव्हतं! (मला हा भाग फार आवडतो.)

गोची झाली ती पुढे. सूत्र तपासणार कोण? राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधाचा आधार घेऊन सरकारी खर्च कापायच्या बाजूने वाद घातले गेले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागवली आणि उघडली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देशच सुटलेले! इतरही आक्षेप होते, पण गाजली ती हीच चूक.

ती सापडली, कारण सूत्रावर क्लिक करून कुणीतरी ते वाचलं. व्हाइब कोडिंगमध्ये तर कोड वाचायचाच नसतो. कार्पथीनेसुद्धा ते सुट्टीतल्या, वापरून टाकून द्यायच्या प्रोजेक्टपुरतंच ठीक म्हटलं होतं.