किती दुखतंय, हे कोणाला विचारायचं?

तापाचं एक बरं असतं. थर्मामीटर लावला, पारा १०२ वर गेला, की आईनं पाहिलं काय आणि डॉक्टरांनी पाहिलं काय, आकडा तोच. दुखण्याचं तसं नाही. तिसरीतलं मूल वर्गात हात वर करून म्हणतं, "बाई, पोटात दुखतंय." आपण त्याच्याकडे पाहतो. गणिताचा तास आहे का, गृहपाठ झाला आहे का, डबा खाल्ला का, मघाशी तर मैदानात पळत होतं, असं सगळं क्षणात मनात येऊन जातं आणि आपण ठरवून टाकतो की खरं दुखतंय की नाही. मुलाचं म्हणणं हा आपल्यासाठी पुरावा नसतो. फार तर एक तक्रार असते, आणि तिची शहानिशा आपण करायची असते.

नेमकी हीच सवय वैद्यकशास्त्राला फार काळ होती. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना तिची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली. ती सवय सुटायला किती वर्षं लागली, आणि ती कशी सुटत गेली, ते या लेखात पाहू.

सुरुवात बॉस्टनमध्ये करू, पण वाटेत मुंबई लागते. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टचा अर्क दिला की हा रक्तक्षय बरा होतो, हे तिनं १९३१ मध्ये दाखवून दिलं. त्या अर्कातला घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्तपेशी भराभर तयार व्हायला हे आम्ल लागतं. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉ. सिडनी फार्बर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तर मग फोलिक आम्लाचं कामच अडवलं तर? असं अडवणारं रसायन, ॲमिनोप्टेरिन, त्यांना येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून मिळालं. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांचा अहवाल छापून आला. १६ मुलांना औषध दिलं होतं आणि त्यांतल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण त्याआधी एवढंही कधी घडलं नव्हतं.

त्या अहवालात काय मोजलं होतं? पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, अस्थिमज्जेतल्या पेशींचं प्रमाण. औषधानं तोंड येतं, जिभेवर आणि गालांच्या आतून जखमा होतात, याचीही नोंद होती. पण ती कशासाठी? डोस जास्त झाल्याची खूण म्हणून. तशा तोंडानं मूल भात कसं गिळतं हे मोजायची काही रीत तेव्हा नव्हती. फार्बर यांना आम्ही दोष देत नाही. दोनचार महिन्यांत जाणार असं ठरलेलं मूल उठून बसलं की पाहणाऱ्याचं लक्ष कुठे जाईल?

पुढची औषधं एकामागून एक आली. त्यातलं एक आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं, व्हिन्क्रिस्टीन, १९६३ मध्ये. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९६२ साली सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झालं आणि तिथं डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत बसवली. १९७० च्या सुमारास लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात निम्मी मुलं बरी होऊ लागली. आता प्रश्न बदलला. उपचार दोन-तीन वर्षं चालणार. त्या काळात कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची, पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडायचं, आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मूल जगणार होतं, पण त्याला हे सगळं सोसून जगायचं होतं.

लहान मुलांना मोठ्यांइतकं दुखत नाही, असं तेव्हा बरेच डॉक्टर मानत. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मर्टल मॅकग्रॉ यांनी तान्ह्या बाळांना टाचणी टोचून त्यांची प्रतिक्रिया पाहिली होती. अगदी नवजात बाळांपैकी काहींनी फारसा प्रतिसाद दिला नाही. त्यावरून असा समज बळावला की मेंदूचा वरचा भाग अजून तयार नाही, मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढलेलं नाही, तेव्हा बाळाला वेदना 'कळत' नसणार. हा तर्क वर्गात तपासायला फार चांगला आहे. मायलिनमुळे संदेश लवकर पोचतो, पण तो नसला म्हणून संदेश थांबत नाही. शिवाय बाळाचं शरीर लहान, म्हणजे अंतरही कमी. आणि प्रौढ माणसातही रेंगाळणारी, ठणकणारी वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंवर मायलिन नसतंच! मायलिन नाही म्हणून वेदना नाही हे खरं धरलं, तर आपल्यालाही ठणका लागायला नको.

या समजाला भीतीची जोड होती. मॉर्फिनसारखी औषधं मुलाला दिली तर श्वास मंदावेल, व्यसन लागेल. परिणाम काय झाला ते आयोवा विद्यापीठातल्या जो ईलंड या परिचारिकेनं मोजलं. शस्त्रक्रियेनंतरच्या २५ मुलांच्या नोंदी तिनं पाहिल्या. मुलं ४ ते ८ वर्षांची. १३ मुलांना वेदनाशामकाचा एकही डोस मिळाला नव्हता. उरलेल्या १२ जणांना मिळून २४ डोस. मग तिनं त्याच निदानांच्या १८ प्रौढांच्या नोंदी काढल्या. त्यांना मिळाले होते ६७१. हे १९७७ मध्ये छापून आलं.

ईलंडचं आणखी एक निरीक्षण आम्हाला या आकड्यांपेक्षाही मोलाचं वाटतं. मुलाला "दुखतंय का?" असं विचारलं की ते "नाही" म्हणे. का? कारण "हो" म्हटलं की वेदनाशामक मिळणार, आणि तेव्हा ते बहुधा इंजेक्शनानं दिलं जाई. मुलाचा हिशेब अगदी बरोबर होता. चूक प्रश्न विचारणाऱ्याची होती. मोजण्याच्या साधनामुळेच मोजायची गोष्ट दडून बसत होती. ईलंडनं मग मुलांपुढे रंग ठेवले. सर्वांत जास्त दुखण्याचा रंग कोणता, जरा कमीचा कोणता, अजिबात न दुखण्याचा कोणता, हे मुलानंच ठरवायचं आणि शरीराच्या आकृतीत दुखतं तिथं तो रंग भरायचा. जास्त दुखण्यासाठी बरीच मुलं लाल किंवा काळा उचलत. इथं मोठ्या माणसानं मुलाला आपली भाषा शिकवली नाही, मुलाची भाषा आधी विचारून घेतली.

त्यानंतर अशी साधनं बरीच आली. नॅन्सी हेस्टर यांनी १९७९ मध्ये खेळातल्या चार चकत्या वापरल्या. एक चकती म्हणजे थोडंसं दुखणं, चार म्हणजे सर्वांत जास्त. तू किती घेशील? टल्सा शहरातल्या जळितांच्या विभागात डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी मुलांना रिकामी वर्तुळं देऊन त्यांत चेहरे काढायला सांगितलं. त्या चित्रांवरून हसऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांची ओळ तयार झाली आणि ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. दवाखान्याच्या भिंतीवर हे चेहरे आपणही पाहिले असतील. त्यात एक गफलत मात्र आहे. दुखत नाही पण आई घरी गेली आहे, अशा मुलानं कोणता चेहरा निवडावा? हसरा त्याला आपला वाटणार नाही. म्हणजे मोजायला गेलो दुखणं आणि मोजलं गेलं दुःख. ऑस्ट्रेलियातल्या बिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेल्या चेहऱ्यांमध्ये, आणि २००१ च्या सुधारित आवृत्तीतही, एका टोकाला हसू नाही आणि दुसऱ्या टोकाला अश्रू नाहीत.

दरम्यान १९८७ साली तान्ह्या बाळांचा प्रश्नही निकालात निघाला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना पुरेसं वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्याआधी अशा शस्त्रक्रिया कित्येक ठिकाणी केवळ स्नायू सैल करणारं औषध देऊन होत. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पण दुखणं हा एकच त्रास नसतो. बॉस्टनच्या त्याच रुग्णालयातून, जिथं फार्बर यांनी १६ मुलांना औषध दिलं होतं, २००० साली दुसरा एक अहवाल आला. कर्करोगानं मुलं गेलेल्या १०३ पालकांना डॉ. जोआन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या महिन्याबद्दल विचारलं होतं. १०० पैकी ८९ मुलांना एका तरी लक्षणाचा खूप त्रास झाला, असं पालक सांगत होते. ज्यांच्या वेदनेवर उपचार झाले, त्यांपैकी १०० मध्ये २७ जणांनाच त्याचा उपयोग झाला होता. आणि थकवा, भूक न लागणं, बद्धकोष्ठ या गोष्टी पालक जितक्या वेळा सांगत, तितक्या त्या डॉक्टरांच्या टिपणांत सापडत नव्हत्या. घडून गेल्यावर आठवून सांगितलेल्या गोष्टींना मर्यादा असतात हे मान्य. तरी हे रुग्णालय जगातल्या उत्तम रुग्णालयांपैकी होतं. मुलांची काळजी घेणारी माणसं तिथं होती. फक्त विचारायचं राहत होतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कहून डॉ. जॉन कॉलिन्स यांनी १० ते १८ वर्षांच्या मुलांनी स्वतः भरायची ३० लक्षणांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. २००२ मध्ये ७ ते १२ वयासाठी आठच प्रश्नांची दुसरी आली. सात वर्षांचं मूल आपल्या थकव्याबद्दल, काळजीबद्दल, खाज सुटण्याबद्दल विश्वासानं सांगू शकतं, हे त्यातून दिसलं. त्यानंतर टोरांटोच्या डॉ. लिलियन संग यांनी १५ प्रश्नांची यादी तयार केली. तिच्यात तोंड येणं, चव बदलणं, हातापायांना मुंग्या येणं आहे, तसंच चिडचिड, आठवण न राहणं आणि आरशात चेहरा वेगळा दिसणं हेही आहे. काल आणि आज याचा किती त्रास झाला, एवढंच मुलानं सांगायचं. ४ ते ७ वयासाठी तिची धाकटी आवृत्ती आहे. अमेरिकेतल्या २० रुग्णालयांत ४४५ मुलांवर घेतलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या रुग्णालयांत मुलांना आठवड्यातून तीनदा हे प्रश्न विचारून उत्तरं उपचार करणाऱ्यांना कळवली, तिथं आठ आठवड्यांनी मुलांचा त्रास कमी झालेला दिसला.

आता अशी यादी मराठीत करायची झाली तर? शब्दांची वाण नाही. आपल्याकडे डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, डोळे झोंबतात, पोटात कळ येते. पण 'त्रास' या शब्दापाशी आम्ही अडलो. घरात मूल हा शब्द ऐकतं तो बहुधा "त्रास देऊ नकोस" असा. तेव्हा "तुला किती त्रास होतो?" या प्रश्नात त्याला काय ऐकू येईल? आपल्या वर्गात कुणी अशा उपचारांनंतर परत आलं असेल तर हे शब्द त्याच्याबरोबर बसून पाहता येतील. सदाफुलीतून आलेल्या त्या औषधानं बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, आणि ते काही महिने टिकू शकतं. पेन्सिल हातात आहे की नाही हेच नीट कळत नाही. अक्षर बिघडतं, बटण लावायला वेळ लागतो. त्याला मुंग्या म्हणायचं, झिणझिण्या म्हणायचं, की तिसराच एखादा शब्द, हे ते मूल सांगेल.