बाळंतिणीचा टाका

दिवाळीच्या फराळाशी बाळंतपणाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या प्रत्येकाची कहाणी तिथूनच सुरू होते!

करी रोड, परळ म्हणजे एके काळी गिरण्यांचा मुलूख. दिवसरात्र सूत निघे. पण बाळंतिणीची जखम शिवणारा शिकलेला हात दुर्मिळ. चाळीतली सुईण मूल अलगद झेली. टाका घालण्याचे शिक्षण मात्र तिला मिळालेलेच नसे. १९२६ साली परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह उघडले, ते गिरणगावातल्या कामकरी कुटुंबांतील स्त्रियांसाठी. पुढे १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात परिचारिका व सुइणींची नोंदणी आली.

पण हात काही कायद्याने तयार होत नाही. विद्यार्थिनी आधी स्पंजावर टाके घालून पाहते. पहिला टाका जखमेच्या टोकाच्या किंचित वर घ्यायचा. कारण तुटलेली रक्तवाहिनी आत आक्रसते, आणि ती निसटली तर रक्त आतल्या आत साचते. मग अस्तर, स्नायू, त्वचा. दोरा कडा जुळण्यापुरताच ओढायचा; मागाहून सूज येते, आणि घट्ट टाका बाईला धड बसू देत नाही.

२०१८ साली केंद्र सरकारने परिचारिकांना दीड वर्षाचे खास प्रसूतिशिक्षण देण्याचे धोरण आखले. डॉक्टर दूर असेल त्या रात्री रक्त थांबविणारा हात बाळंतिणीच्या जवळच हवा.