उपाहारगृहाचे कंत्राट आणि कोसळलेले मंत्रिमंडळ

१/ रेल्वेस्थानकावरील उपाहारगृहांच्या कंत्राटावरून मंत्रिमंडळ कोसळू शकते का? दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश केप वसाहतीत १८९३ मध्ये तसे घडले. कंत्राटदार होता जेम्स डग्लस लोगन हा स्कॉटिश व्यापारी.

२/ लोगनचा जन्म १८५७ चा, स्कॉटलंडमधील रेस्टन गावचा. १८७७ मध्ये तो जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे निघाला. वादळात सापडलेले जहाज केपच्या सायमन्स टाउन बंदरात आश्रयाला आले. लोगन तेथेच उतरला आणि केप टाउन स्थानकावर हमाल झाला.

३/ तेव्हा लोहमार्ग किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींकडे सरकत होता. १८८५ मध्ये तो तेथे पोहोचला. गाड्यांत भोजनाची सोय नसे. रखरखीत कारू प्रदेश ओलांडणारे प्रवासी स्थानकावरच जेवत. रेल्वेत बढत्या मिळवलेल्या लोगनने ही गरज हेरली, नोकरी सोडली व उपाहारगृहे चालवायला घेतली. मायकीसफाँटेन या ओसाड थांब्याभोवती त्याने गाव वसविले. तेथील कोरडी हवा फुप्फुसांच्या रुग्णांना मानवत असल्याने ते आरोग्यस्थानही बनले.

४/ १८९२ मध्ये रेल्वेमंत्री जेम्स सिव्हराइट यांनी सरकारी रेल्वेवरील उपाहारगृहांचा दीर्घ मुदतीचा मक्ता लोगनला दिला. सिव्हराइटही स्कॉटिश, शिवाय लोगनचे स्नेही. निविदा मात्र मागविलीच नव्हती.

५/ इनेस, मेरीमन व सॉअर या तीन मंत्र्यांनी सिव्हराइट यांच्यासोबत काम करण्यास नकार दिला. मक्ता रद्द झाला. मे १८९३ मध्ये पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ रचले. त्यात सिव्हराइट नव्हते. आक्षेप घेणारे तिघेही नव्हते.

६/ याच मंत्रिमंडळाने १८९२ मध्ये मताधिकाराचा कायदा केला होता. मतदारासाठी मालमत्तेची अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर गेली, लिहिता येण्याची अटही आली. असंख्य कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय नागरिकांसाठी मतदानाचे दार बंद झाले. तेव्हा या तिघांपैकी कोणीही मंत्रिपद सोडले नाही.

७/ म्हणून हे प्रकरण केवळ भ्रष्टाचाराची कथा ठरत नाही. गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या आपापसांतील व्यवहारात सचोटीचा आग्रह होता. बहुसंख्यांच्या हक्कांबाबत तीच कसोटी लागू नव्हती.

८/ लोगनचे फारसे बिघडले नाही. पुढे तो केपच्या विधिमंडळात बसला. १९०१ मध्ये इंग्लंडला गेलेल्या दक्षिण आफ्रिकी क्रिकेट संघाचा खर्च त्याने उचलला. १९२० मध्ये तो वारला. त्याने वसविलेले गाव आजही त्या लोहमार्गावर उभे आहे.