कॉलेजची फायनल बघायची कशी? फक्कीच्या रेघेपासून मोबाईलपर्यंत

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

माझा बीटेकपासूनचा एक मित्र हॉकीवेडा आहे. परवा त्याचा मेसेज आला, "विद्यापीठांच्या हॉकीची फायनल लाइव्ह कुठे दिसेल रे?" मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. लिंक शोधून पाठवली, दोन मिनिटांचं काम. रात्री धाराशिवला घरी फोन केला तेव्हा आत्याला सहज विचारलं, "आत्या, तुझ्या वेळी तुमची फायनल कोण बघायचं?"

ती म्हणाली, "फक्कीच्या रेघेबाहेर जो उभा असेल, तो."

माझी आत्या विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली आहे. आणि तिला खेळताना आमच्या घरातल्या एकाही माणसाने पाहिलेलं नाही. हे मला तिशीला आल्यावर कळलं. म्हणून आजचा विषय: आपण सामने बघत कसे आलो, आणि कोणाचे सामने बघायचे राहून गेले.

सुरुवात जरा लांबून करतो, बर्लिनपासून. १९३६ चं ऑलिंपिक. १५ ऑगस्टला हॉकीची फायनल झाली, भारताने जर्मनीला ८-१ ने हरवलं. ध्यानचंद सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या संघात आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे बाबू निमलही होते. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनला गेलं होतं आणि त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. म्हणजे हॉकीची स्टिक आणि आपले मातीतले खेळ एकाच वेळी एकाच शहरात पोहोचले होते.

आता मजा बघा. टीव्हीवर दिसलेलं हे पहिलं ऑलिंपिक. पण टीव्ही घराघरात नव्हते. बर्लिनमध्ये सार्वजनिक खोल्या केल्या होत्या, तिथे लोक दाटीवाटीने बसून छोट्याशा पडद्याकडे बघायचे. टीव्हीवर खेळ बघणं सुरू झालं तेच मुळी अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून.

आणि आमचं धाराशिव तेव्हा कुठे होतं? निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद या नावाने.

पुढची तारीख १२ ऑगस्ट १९४८. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम. स्वतंत्र भारताने ग्रेट ब्रिटनला त्यांच्याच घरात ४-० ने हरवलं. बलबीर सिंग यांचे दोन गोल. गोलजाळ्यात मुंबईचे लिओ पिंटो. स्वतंत्र देशाचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, तेही स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला तीन दिवस राहिलेले असताना. शाळेत हे शिकलो तेव्हा अंगावर काटा आला होता. पण एक गोष्ट शाळेत लक्षात आली नाही: त्या दिवशी माझा जिल्हा भारतात नव्हता. सत्तरेक किलोमीटरवरचं सोलापूर भारतात, आणि आम्ही सरहद्दीच्या अलीकडे, रझाकारांच्या दहशतीत. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या आणि पहिल्याच दिवशी आमच्याच जिल्ह्यातलं नळदुर्ग घेतलं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. सुवर्णपदक आधी आलं, देश महिन्याभराने आला. कधी नळदुर्गचा किल्ला बघायला गेलात तर ही तारीख आठवा.

त्यानंतरची कित्येक वर्षं खेळ 'बघायचा' म्हणजे ऐकायचा. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाची फायनल, भारत २, पाकिस्तान १. विजयी गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोक कुमार यांचा. जसदेव सिंग यांची हिंदी कॉमेंट्री त्या पिढीच्या डोक्यात अजून वाजते. आमचे आजोबा सांगायचे, हॉटेलाबाहेर ट्रान्झिस्टर, त्याभोवती पन्नास माणसं आणि चहाचे कप हातातच गार. त्यांनी क्वालालंपूर नकाशावरही पाहिलं नव्हतं. पण तो गोल 'पाहिला' असंच ते म्हणायचे. हा कॉमेंट्री करणाऱ्याचा पराक्रम.

मग आला टीव्ही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये दूरदर्शन रंगीत झालं. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातून लातूर वेगळं निघालं. नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीला एशियाड. माझे मोठे काका तेव्हा पुण्यात नोकरीला होते. चाळीत एकच टीव्ही, खोलीत माणसं मावेनात, खिडकीत लोंबकळून लोक बघत होते. बर्लिनच्या त्या खोल्याच म्हणा ना. १ डिसेंबरला पुरुषांची फायनल पाकिस्तानने ७-१ ने जिंकली. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना लोकांनी काय काय बोललं, ते तुम्हाला 'चक दे! इंडिया'च्या निमित्ताने ऐकून माहीत असेल.

पण त्याच एशियाडमध्ये भारताच्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. एशियाडमध्ये महिला हॉकी तेव्हा पहिल्यांदाच आली होती. कर्णधार होत्या एलिझा नेल्सन, पुण्याच्या. काकांना ते सात गोल आजही एकेक करून आठवतात. मी एलिझा नेल्सन यांचं नाव घेतलं, तर म्हणाले, "कोण रे?" ज्या शहरात बसून त्यांनी तो टीव्ही पाहिला, त्याच शहरातली कर्णधार!

इथे मला आत्या आठवली.

१९९४ साल. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. त्या नावासाठी सोळा वर्षं लढा झाला होता. त्याच वर्षी आत्या विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. आधी कॉलेजाकॉलेजांच्या स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. रेल्वेने परराज्यात गेली. चौथ्या दिवशी आजोबांना पेपरात एक ओळ दिसली: आत्याचं नाव, '२.५० मि. संरक्षण'. आडनाव चुकलेलं. बस. व्हिडिओ नाही, फोटो नाही. ती कात्रण आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र अजून पत्र्याच्या पेटीत आहे.

दोन मिनिटं पन्नास सेकंद. खो-खो खेळलेल्याला विचारा हा आकडा काय असतो. एवढा वेळ ती पळाली, हुलकावण्या दिल्या, आणि हे बघणारी माणसं कुठल्या गावची होती कोण जाणे.

धाराशिव आज खो-खोच्या नकाशावर ठळक आहे. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ ला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. कोरोनामुळे सोहळा ऑनलाइन झाला, २९ ऑगस्टला, म्हणजे ध्यानचंदांच्या वाढदिवशी. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक. प्रियंका इंगळे कर्णधार, संघात आमची अश्विनी शिंदे. १९ जानेवारीला नेपाळविरुद्धची फायनल आपल्या मुलींनी ७८-४० ने जिंकली.

ती फायनल मी आत्यासोबत पाहिली. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मला वाटलं आत्या खूश होईल. ती चिडली! "अरे हा कॅमेरा नुसता पळणाऱ्याच्या मागे का पळतोय? बसलेल्या दाखवा की!" मग तिने समजावलं. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. म्हणून खरा डाव बसलेल्यांचा. पुढचा खो कोणाला मिळणार हे तिच्या खांद्यावरून आणि टाचेवरून कळतं. पळणारी मुलगी मागचीकडे बघतच नसते, ती त्या टाचेकडे बघते. "आणि खांबाजवळ कोण बसलीय ते बघ. सूर मारणारी तीच." पुढची दहा मिनिटं ती बोलत होती आणि मी पहिल्यांदा खो-खो बघत होतो. हॉकीवेड्या मित्राला हे सांगितलं, तर म्हणाला, "आमचंही तेच. पडद्यावर चेंडू दिसतो, मैदानावर चेंडू नसलेले दहा जण दिसतात."

तर मित्राच्या प्रश्नाचं माझं सुधारित उत्तर असं.

आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाकडून ठरतात, यजमान विद्यापीठ त्या भरवतं. यजमान कोण ते आधी शोधा, मग त्यांचं यूट्यूब चॅनेल. 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यात हॉकी आहे. तिथले निवडक सामने टीव्हीवर आणि ॲपवर येतात. हे झालं लिंकचं.

पण बहुतेक कॉलेज सामन्यांना लिंकच नसते. तिथे लिंक म्हणजे आपणच. जवळ सामना असेल तर जा. मोबाईल आडवा धरा, खांबाच्या बाजूला उभे राहा, खेळणाऱ्यांची नावं मोठ्याने बोला म्हणजे ती आवाजात राहतील. सामना संपला की विचारून गुणपत्रकाचा फोटो काढा. आणि आडनाव नीट लिहा, एवढी विनंती.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टी टाकून धाराशिवला गेलो. कॉलेजच्या मुलींचा सामना होता. मी मोबाईल धरला, आत्या शेजारी उभी राहून बोलत होती. मध्येच ती ओरडली, "उठ, उठ, डावीकडे!" आणि तेवढ्यात माझा हात हलला, त्यामुळे तो गडी बाद होताना नीट दिसत नाही. तो व्हिडिओ आजवर एकेचाळीस जणांनी पाहिलाय. त्यातले सहा आमच्या घरचे. काकांनी दोनदा पाहिला.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरात विचारा: कोण काय खेळायचं, आणि बघायला कोण गेलं होतं?