इंग्रजी चर्चमधील स्तोत्रगान

बायबलांतील ज्या १५० स्तोत्रांना मराठींत स्तोत्रसंहिता म्हणतात, तीं मुळांत हिब्रू काव्य; पण इंग्रजींत आलीं तीं गद्य होऊन. अभंगाचीं अक्षरें मोजलेलीं असल्यामुळें तो चालींत सहज बसतो. येथें एक ओळ सहा शब्दांची, तर पुढची वीस शब्दांची! दोहोंना एकच चाल कशी पुरावी? इंग्लंडच्या चर्चनें शोधलेली युक्ति साधी आहे. ओळीचे दोन भाग करावयाचे. प्रत्येक भागांतील बहुतेक शब्द एकाच स्वरावर, बोलल्यासारखे म्हणावयाचे, आणि शेवटचीं थोडीं अक्षरें तेवढीं ठराविक स्वरांवर उतरवावयाचीं. पहिल्या भागाला चार स्वर, दुसऱ्याला सहा. दहा स्वरांत लहान चाल संपते. समोरासमोर बसलेले गायकांचे दोन गट आळीपाळीनें ओळी उचलतात.

१५४९ च्या प्रार्थनापुस्तकानें हीं सर्व स्तोत्रें महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वांटून दिलीं. पंधराव्या दिवशींच्या संध्याकाळीं एकट्या ७८ व्या स्तोत्राच्या सत्तराहून अधिक ओळी येतात. त्या वेळीं गाणाऱ्या मुलांच्या धीराची परीक्षाच होते. भाषांतर कव्हरडेलचें, १५३५ सालच्या सुमाराचें. पुढें १६६२ मध्यें प्रार्थनापुस्तकांतील इतर शास्त्रपाठांना १६११ चें नवें भाषांतर घेतलें, पण स्तोत्रांना कोणीं हात लावला नाहीं. जें ओठांवर बसलें होतें तें विद्वानांच्या दुरुस्तीहून बळकट ठरलें, आणि तें योग्यच झालें.

परंतु ओठांवरची विद्या ओठ मिटले कीं जाते. राजा व पार्लमेंट यांच्या युद्धांत १६४४ मध्यें चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम झाला. १६४५ मध्यें प्रार्थनापुस्तकच बंद पडलें. गायकमंडळ्या मोडल्या. १६६० मध्यें राजा परतला तेव्हां सोळा वर्षें लोटलीं होतीं. १६४४ चा आठ वर्षांचा गायक आतां चोवीस वर्षांचा, भरल्या आवाजाचा पुरुष झालेला, आणि त्याच्या मागून एकही मुलगा तयार झालेला नव्हता. मॅथ्यू लॉक या संगीतकारानें नमूद केलें आहे कीं, राजाच्या खास चॅपेलमध्यें वर्षाहून अधिक काळ वरचे स्वर कॉर्नेट नांवाच्या फुंकवाद्यानें व आवाज बारीक काढणाऱ्या पुरुषांनीं भरून काढावे लागले.

या प्रसंगीं ऑक्सफर्डचा ऑर्गनवादक एडवर्ड लो पुढें आला. युद्धापूर्वीं क्राइस्ट चर्चमध्यें वाजविणाऱ्या या गृहस्थानें १६६१ मध्यें एक लहानसें पुस्तक छापून, कॅथीड्रलमधील उपासना कशी गावयाची, स्तोत्रांच्या चाली कोणत्या, हें लिहून ठेवलें. आपल्याकडील पाठशाळेंत एखादा वृद्ध वैदिक संथा देतो, तसेंच हें काम. भेद इतकाच कीं, येथें गुरूनें छापखान्याचा आश्रय केला.

चाली वांचल्या, तरी कोणतें अक्षर कोणत्या स्वरावर पडावें हें त्या त्या गायकमंडळीच्या संवयीवरच चालत राहिलें. कित्येकदां शेजारचे दोघे दोन प्रकारें ओळ संपवीत. शेवटीं १८३७ मध्यें ईली कॅथीड्रलचा ऑर्गनवादक रॉबर्ट जेन्स यानें शब्दांवर खुणा केलेलें स्तोत्रपुस्तक छापलें. त्यामागून अशीं अनेक पुस्तकें निघालीं.

७ ऑक्टोबर १९२६ रोजीं बी.बी.सी.नें वेस्टमिन्स्टर ॲबीमधून ही संध्याकाळची उपासना आकाशवाणीवर प्रथम ऐकविली. शतकानुशतकें मुलग्यांनींच गाइलेले वरचे स्वर १९९१ मध्यें सॉल्सबरी कॅथीड्रलनें स्थापिलेल्या मुलींच्या स्वतंत्र गायकमंडळीनेंही उचलले.