वेताळ शाळेत बसला!

तर मंडळी, आता 'ट्वायलाइट'कडे येऊ. 2008चा सिनेमा. नायक एडवर्ड, जन्म 1901चा. 1918च्या साथीत मरता मरता रक्तपिपासू झाला, आणि वय सतरावर अडकलं ते अडकलंच. शंभरी उलटली तरी शाळा काही सुटेना! उन्हात जळायचं सोडून हिऱ्यासारखा चमकतो. रात्री बेलाच्या खोलीत शिरून ती झोपलेली बघत बसतो. याला म्हणे प्रेम; आपल्या गल्लीत लोकांनी पोलीस बोलावले असते.

आपल्या वेताळाला या जमातीत बसवलं रिचर्ड बर्टननं. 1870 साली, म्हणजे इकडे त्र्यंबकला फाळके जन्मले त्याच वर्षी, त्यानं वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि वेताळाचा 'व्हॅम्पायर' करून टाकला. आम्हाला हे पटत नाही. वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण विक्रमाच्या खांद्यावरून तो रक्त मागत नाही, न्याय मागतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, म्हणतो. कोकण-गोव्यात तर तो गावाचा राखणदार.

शेवटी बेला म्हणते, मलाही तुझ्यासारखं कर. सतराव्या वर्षी एक मुलगी जगणंच सोडायला निघते, ते का? वेताळानं इथं विक्रमाला घाम फोडला असता. सिनेमा काय करतो, तर दोघांना नाचवतो.